वहिनींनी पाहिलेली मॅच

कडुबा हिवराळेला त्याच्या मुलीचा फोन आला तेव्हा आम्ही आमखास मैदानाच्या कडेला बसून पोरांची प्रॅक्टिस बघत होतो. रविवारची सकाळ होती. फोनवर तो नुसतं "व्हय… व्हय… काय सांगती!" एवढंच म्हणत होता आणि बोलता बोलता उभा राहिला होता. फोन ठेवल्यावर मैदानाकडेच बघत मला म्हणाला, "नाना, वर्ल्ड कपचं तिकीट लागलं. मोनालीला दोन लागली. एक तिचं, एक माझं."

कडुबा तेव्हा साठीला आला होता. वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवून निवृत्त झालेला. पण शहरात त्याला ओळखतात ते मिलन क्लबचा सेंटर हाफ म्हणून. वीस वर्षं तो आमखासवर खेळला. मीही त्याच क्लबात होतो, गोलकीपर. खरं सांगायचं तर राखीव गोलकीपर. पहिला गोलकीपर सालेह चाऊस. त्याचे पूर्वज अरबस्तानातून निजामाच्या फौजेत आलेले, आणि उंची त्यानं तिकडचीच घेतलेली. हा माणूस सहसा आजारी पडायचा नाही, त्याचा पाय मुरगळायचा नाही. अकरा वर्षांत मी सात मॅच खेळलो. बाकीच्या बाकावर बसून पाहिल्या.

मोनाली दोहात एका इस्पितळात नर्स आहे. तिचा नवरा आकाश तिथंच एसीची कामं करतो. २०२२ चा वर्ल्ड कप तिच्या दारातच भरणार होता. मॅच होती बेल्जियम आणि मोरोक्कोची, सत्तावीस नोव्हेंबरला. बेल्जियम तेव्हा जगात दुसऱ्या नंबरवर. कडुबानं घरी जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेला लाल गोल केला आणि दुसऱ्या दिवशी पासपोर्टचा अर्ज भरायला गेला.

घोळ तिथंच झाला. त्याच्या आईची आधीची दोन लेकरं गेली होती, तेव्हा नजर लागू नये म्हणून तिसऱ्याचं नाव कडू ठेवलेलं. शाळेच्या दाखल्यावर ते कडूबाळ झालं, आधारवर कडुबा, कारखान्याच्या कागदांवर के. बी. जन्मतारखाही दोन. यात कुणाची चूक काढायची? त्यानंच कधी ते नीट करून घेतलं नव्हतं. प्रतिज्ञापत्र, जाहिरात, राजपत्र, एकेक पायरी चढता चढता नोव्हेंबर उजाडला आणि पासपोर्ट काही हाती आला नाही.

पासपोर्ट वेळेत येणार नाही हे कळलं, त्या संध्याकाळी मी भावसिंगपुऱ्याला त्याच्या घरी गेलो. मला वाटलं, हा तोंड पाडून बसला असेल. तो खाटेवर शांत बसला होता. सत्यभामावहिनी समोर मेथी निवडत होत्या.

"नाना, ही जाणार," कडुबा म्हणाला.

"मी कुठं बी जाणार नाय," वहिनी मान वर न करता म्हणाल्या.

वहिनींचा पासपोर्ट तयार होता. मोनालीच्या बाळंतपणाला जायचं म्हणून काढून ठेवलेला. मग मोनालीच इकडे आली आणि तो तसाच कोरा कपाटात राहिला. तिकीटही त्यांच्या नावावर करता येत होतं. अडचण फक्त वहिनींची होती.

"मला त्या खेळातलं काय कळतंय, भाऊजी?" त्या मला म्हणाल्या. "मला त्यातलं एकच ठावं. चिखलाच्या अकरा बनियनी. दर रविवारी हे पोतं भरून आणायचे अन् मी नळावर बसायचे. मोनाली झाली त्या दिशी बी हे फायनल खेळत होते. आता म्हणत्यात, बघून ये."

कडुबा हळूच म्हणाला, "माझ्या वाटचं बघून ये, सत्यभामा. तिकीट वाया गेलं तर पोरीला लई वाईट वाटंल."

पोरीचं नाव काढल्यावर वहिनींचा हात थांबला. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

मग आठ दिवस त्या घरात शिकवणी चालली. कडुबा फरशीवर शेंगदाणे मांडायचा. लाल सालीचे एका टीमचे, सोललेले दुसऱ्या टीमचे. "हा बघ, हा पुढं उभाय. ह्याच्या पुढं समोरच्या टीमची दोन माणसं पाहिजेत, एक गोलकीपर अन् एक कुणी बी. नसली, अन् तवा ह्याला पास दिला, तर ऑफसाइड." वहिनी बराच वेळ बघायच्या. "म्हंजे सगळ्यांच्या आधी जाऊन पंगतीत बसायचं नाय," असं म्हणून त्या चुकीच्या जागचा शेंगदाणा खाऊन टाकायच्या. मला वाटतं ऑफसाइड इतकं नीट कुणीच समजून घेतलं नसेल.

मुंबईपर्यंत आम्ही दोघं त्यांना सोडायला गेलो. विमानतळाच्या दारातून आत जाताना त्यांनी मागं वळून पाहिलं ते कडुबाकडं नाही, स्वतःच्या बॅगेकडं. चटणीचा डबा नीट आहे ना, हे बघत होत्या.

सत्तावीस तारीख रविवारीच आली. संध्याकाळी आम्ही सगळे चाऊसच्या गॅरेजात जमलो. रोशन गेटपासून जवळच आहे ते. त्यानं दोन गाड्या बाहेर काढून जागा केली होती, लोखंडी पिंपावर टीव्ही ठेवला होता आणि मोबाईलवरची मॅच त्याला जोडली होती. मिलन क्लबाचे आम्ही बारा-तेरा म्हातारे. कुणी टायरवर बसलं, कुणी फळीवर. चहा फिरत होता, आरडाओरडा चालला होता, चाऊस मोरोक्कोच्या बाजूनं आधीच बेंबीच्या देठापासून ओरडत होता. कडुबा टीव्हीच्या अगदी जवळ बसला होता आणि खेळाकडे त्याचं लक्ष नव्हतं. कॅमेरा प्रेक्षकांकडे गेला की पुढं वाकायचा.

"काय शोधतोस?" मी विचारलं.

"मोरपंखी साडी," तो म्हणाला.

चाळीस हजारांवर माणसं होती तिथं. साडी कुठून दिसणार? पण त्याला कसं सांगायचं, म्हणून मीही शोधू लागलो.

हाफटाइमच्या जरा आधी मोरोक्कोनं फ्रीकिकवर गोल केला. गॅरेजात नुसता कल्लोळ. चाऊसनं मला उचललं. आणि मग पंचानं पडद्यावर बघून तो गोल रद्द केला. ऑफसाइड. कडुबा पहिल्यांदाच हसला. "आता ती मोनालीला समजावत असंल बघ," तो म्हणाला.

दुसऱ्या हाफला त्याचा फोन वाजला. मोनालीचा. पण बोलत कुणीच नव्हतं. तिकडं वहिनींनी फोन हातात घेऊन नुसता वर धरला होता. कडुबानं स्पीकर लावला. आधी वाटलं, खरखर आहे. मग कळलं, ती माणसं आहेत. ढोल होते, टाळ्या होत्या, आणि मध्येच हजारो शिट्ट्या एकदम उठायच्या आणि एकदम बसायच्या. चाऊसनं टीव्हीचा आवाज बंद केला. आम्ही चित्र पडद्यावर बघत होतो आणि आवाज फोनवरून ऐकत होतो. फक्त त्या दोन्हींचा मेळ बसत नव्हता. मोबाईलवरून येणारी मॅच मागं पडली होती, अर्धा मिनिट तरी.

पडद्यावर मोरोक्कोला फ्रीकिक मिळाली. अगदी कोपऱ्याजवळ, तिथून सरळ गोल होत नसतो. त्यांचा खेळाडू बॉल अजून गवतावर नीट ठेवत होता, आणि फोनमधून असा एक आवाज फुटला की कडुबाच्या हातातून फोन पडता पडता राहिला. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. त्यात किंकाळ्या होत्या, हसणं होतं, बायकांचा तो तिकडचा जिभेनं काढायचा लांब सूर होता, आणि त्या सगळ्यात, अगदी फोनच्या जवळ, सत्यभामावहिनींचा आवाज. "झाला! झाला वो! झाला!"

गॅरेजात कुणी हललं नाही. पडद्यावर तो खेळाडू दोन पावलं मागं सरत होता. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की हा बॉल आत जाणार आहे, आणि पंचाला, गोलकीपरला, खुद्द त्याला अजून ठाऊक नव्हतं. मग त्यानं लाथ मारली. बॉल सगळ्यांना चुकवून पहिल्या खांबाजवळून सरळ आत.

"अल्ला!" चाऊस म्हणाला. "भाभीने पहले बताया, फिर गोल हुआ!"

शेवटच्या मिनिटांत त्यांनी आणखी एक केला. दोन-शून्य. जगातला दोन नंबरचा संघ हरला होता. पण त्या संध्याकाळी घरी जाताना कुणी त्या गोलांबद्दल फार बोललं नाही. सगळे त्या आवाजाबद्दल बोलत होते.

वहिनी दहा दिवसांनी परत आल्या. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही आमखासवर बसलो होतो तेव्हा कडुबा येताना दिसला. एका हातात प्लास्टिकची खुर्ची आणि मागून वहिनी, हातात खजुराचा डबा. त्या मैदानात कधीच आल्या नव्हत्या. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. कडुबानं खुर्ची मांडली आणि स्वतः खाली गवतावर बसला.

"सांग," तो म्हणाला.

"घरी तर सांगितलं की तीनदा."

"त्यांना सांग."

वहिनींनी पदर सारखा केला. सुरुवातीला एकेक शब्द तोलून बोलत होत्या. "बाहेरून ते स्टेडियम म्हंजे टोपी हो. चाऊसभाई घालतात तशी पांढरी, जाळीची. कुणी उपडी ठेवावी तशी. आत गेलं की गारवा. वर उघडं आभाळ, अन् पायाखालून गार वारा. मी मोनालीला म्हणलं, ह्यांनी आभाळाला एसी लावला का काय?"

सगळे हसले. मग त्यांना सूर सापडला.

"अन् सगळं लाल. चौदा एप्रिलला भडकल गेटला कसं निळं निळं दिसतं, तसं तिथं लाल. म्हातारी माणसं, तान्ही लेकरं, पोरी, गालावर झेंडे काढलेले. कुणी बसतच नाय. खुर्च्या कशाला केल्या कुणास ठाऊक. बेल्जियमच्या पायात बॉल गेला की शिट्ट्या, कान फुटतील अशा. अन् आपल्याकडं आला की शिट्ट्या बंद, ढोल सुरू."

"आपल्याकडं?" कडुबानं विचारलं.

"मग? माझ्या शेजारी बसली होती ना ती बाई, फातिहा. माझ्याच वयाची. तिथूनच आली होती, मोरोक्कोहून, लेकीला घेऊन. तिला मराठी येत नाय, मला अरबी येत नाय. मोनालीला इस्पितळातले शब्द येतात, कुठं दुखतंय अन् औषध घेतलं का एवढेच. पण बोलायचं काय राहिलं नाय. पहिल्या पाच मिनिटांत तिनं माझा हात धरला तो मॅच संपस्तोवर सोडला नाय. तो गोल रद्द झाला ना, तिला पटंनाच. तिची लेक समजावून दमली. मग मी पर्समधले शेंगदाणे काढले अन् खुर्चीवर मांडले."

आता कडुबाच्या डोळ्यांत पाणी आलं, हसून.

"टीव्हीवर तुम्ही बॉल बघता," वहिनी म्हणाल्या. "तिथं पाहिजे ते बघता येतं. म्हणून मी दुसरंच बघत बसले. त्यांचं राष्ट्रगीत चाललं होतं तवा गोलकीपर सगळ्यांसोबत उभा होता, म्हणत होता. गीत संपलं, फोटो झाला, अन् थोड्या वेळानं बघते तर गोलात दुसराच! मी मोनालीला म्हणलं, माणूस बदलला. ती म्हणली, आई, तुला काहीतरीच दिसतं. पण बदललाच होता. पहिल्याला ऐनवेळी बरं वाटंना, असं नंतर कळलं."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. टीव्हीवर नंतर सांगितलं असेल, पण गॅरेजातल्या त्या गोंधळात कुणी ऐकलं होतं? चाऊस म्हणाला, "मेरेकू तो पताच नहीं चला, भाभी. मैं समझा वही है."

"तो दुसरा उभा राहिला ना, मग मी त्याच्याकडंच बघत होते," वहिनी म्हणाल्या. "बॉल तिकडं असला तरी मी ह्याच्याकडं. एवढी माणसं, एवढा गजर, अन् ह्याला दोन मिनिटं आधी माहीत बी नव्हतं की आपल्याला उभं राहायचंय. सुरुवातीलाच एक बॉल आला सणसणत. त्यानं अडवला. मग शेवटपर्यंत एक बी आत जाऊ दिला नाय." त्या माझ्याकडं वळल्या. "मला तुमची लई आठवण झाली, भाऊजी. मनात आलं, आल्यावर विचारू. अशा वेळी काय वाटतं हो?"

मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. अकरा वर्षं ज्यांच्याबरोबर काढली त्यांनीही नाही, माझ्या घरच्यांनीही नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. चाऊससुद्धा.

"आधी भीती वाटते, वहिनी," मी म्हणालो. "आणि त्याच वेळी इतका आनंद होतो की त्याची लाजही वाटते. कारण तुमचा माणूस पडलेला असतो, म्हणून तुम्हाला उठायला मिळालेलं असतं. मग पहिला बॉल हाताला लागतो. त्यानंतर काही आठवत नाही."

चाऊसनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो पहिल्यांदाच म्हणाला, "नाना, तू वो सात मॅचां अच्छा खेला था. मैं एक में भी नहीं आया था देखने. जलता था मैं." एवढं बोलून त्यानं खजुराचा डबा पुढं ओढला आणि एकदम दोन तोंडात टाकले.

वहिनींना अजून सांगायचं होतं. आता त्या कुणाकडेच बघत नव्हत्या, समोरच्या मैदानाकडं बघत होत्या.

"मॅच संपली. आम्हाला वाटलं, चला आता. पण कुणी जाईना. त्यांचा एक खेळाडू प्रेक्षकांकडं आला. त्याची आई तिथं बसली होती. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं अन् मुका घेतला. एवढ्या सगळ्यांसमोर. ती पोरं लहान असताना त्यांच्या आया लोकांच्या घरची धुणीभांडी करायच्या, असं फातिहाची लेक मोनालीला इंग्रजीत सांगत होती. फातिहा रडत होती. मी बी रडले. मला तवा एक वाटलं. मी बी तर धुतल्या की बनियनी. वीस वर्षं. पण मला कुणी म्हणलं नाय, ये, बघायला ये."

मैदानावर पोरं खेळत होती, त्यांची हाकाटी चालू होती. आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी असं न बोलावलेलं कुणीतरी होतंच.

कडुबा गवताकडं बघत म्हणाला, "चूक झाली, सत्यभामा."

"झाली तर झाली," वहिनी म्हणाल्या. "मी रागानं नाय म्हणत. ते इतकं भारी असतं हे मला आधी कळलं असतं तर मी तवाच आले असते, तुम्ही बोलावलं नसतं तरी." मग जरा थांबून म्हणाल्या, "मोनाली सातवीत होती तवा तिनं विचारलं होतं, पप्पा, मी येऊ का खेळायला? तुम्ही म्हणला, पोरींची टीम नसती. नव्हती, खरंय. पण आता तरी का नाय?"

तो प्रश्न घेऊन कडुबा घरी गेला आणि चार दिवस विचार करत राहिला, असं वहिनींनीच नंतर सांगितलं. पाचव्या दिवशी तो गल्लीतल्या घराघरांत जाऊन, पोरीला खेळायला पाठवाल का, असं विचारू लागला. काही घरांनी दारातूनच नको म्हटलं. पण वहिनी बरोबर असायच्या, आणि नको म्हणणाऱ्या बाईला त्या आधी स्टेडियमची गोष्ट सांगायच्या. टोपी, गार वारा, फातिहा, सगळी. गोष्ट संपेपर्यंत आतली मुलगी दारात येऊन उभी राहिलेली असायची. जानेवारीत नऊ पोरी झाल्या, फेब्रुवारीत चौदा. त्यात भावसिंगपुऱ्याच्या होत्या, चाऊसच्या दोन नाती होत्या, आणि माझ्या भावाची नात प्रेरणा दौलताबादहून बसनं येत होती. कडुबा त्यांना पास शिकवतो. चाऊस आणि मी गोलकीपिंग शिकवतो आणि आमचं रोज भांडण होतं.

एप्रिलमध्ये पहिली मॅच झाली, शहरातल्याच एका शाळेच्या मुलींशी. आम्ही चार-शून्य हरलो. तिसरा गोल तर फार वाईट होता. बॉल आमच्याच पोरीच्या गुडघ्याला लागून आत गेला. पण मैदानाच्या कडेला गल्लीतल्या तीस-पस्तीस बायका उभ्या होत्या. कुणी ताटल्या आणल्या होत्या, कुणी लग्नातली हलगी. समोरच्यांच्या पायात बॉल गेला की शिट्ट्या, आपल्या पोरींकडे आला की हलगी. मध्ये उभ्या राहून वहिनी हातानं सांगत होत्या, आता, आता थांबा, आता. आमच्यावर चौथा गोल झाला तरी तो गजर थांबला नाही. समोरच्या शाळेच्या बाई मला येऊन म्हणाल्या, "सर, आमच्या मुली घाबरल्यात. तुमच्या माणसांना जरा हळू करायला सांगा ना."

मी वहिनींना निरोप दिला. त्यांनी ऐकून घेतला, मान हलवली, आणि हलगीवाल्या बाईला हात वर करून वाजवायचा इशारा केला. कारण प्रेरणाला उजव्या बाजूनं बॉल मिळाला होता आणि तिच्यासमोर सगळं मैदान मोकळं होतं.